विस्मरणाचा सल्ला आणि मुंबईच्या गोदीतील स्फोट

युद्धकाळात घडलेल्या मोठ्या घटना नव्या पिढीने लक्षात ठेवाव्यात की नाहीत, या प्रश्नाला ‘ठेवू नयेत’ असे स्पष्ट उत्तर देणारा एक सुशिक्षित पक्ष आज उभा आहे आणि त्याचे म्हणणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. जुन्या युद्धांचे स्मरण म्हणजे बऱ्या होत आलेल्या जखमेवरची खपली पुन्हा काढणे, जे त्या युद्धात नव्हतेच त्यांच्या गळ्यात त्या युद्धाचे वैर बांधणे आणि आधीच वाकलेल्या अभ्यासक्रमाच्या पाठीवर आणखी एक तारीख लादणे, असे हा पक्ष मानतो. भारतापुरता तो आणखी एक मुद्दा जोडतो : दोन्ही महायुद्धे साम्राज्याची होती, त्यांत भारताला कोणी विचारून ओढले नव्हते, तेव्हा परक्याच्या भांडणाची आठवण इथल्या मुलांनी का वाहावी? हे आक्षेप एका विशिष्ट प्रकारच्या स्मरणाला लागू पडतात, सर्व स्मरणाला नाही. आणि ज्या प्रकाराला ते लागू पडत नाहीत तोच नव्या पिढीच्या सर्वाधिक उपयोगाचा आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याची कसोटी म्हणून मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेला स्फोट येथे घेतला आहे.

आधी प्रतिपक्षाची बाजू त्याच्या पूर्ण बळानिशी मांडणे योग्य ठरेल. या विचाराची वंशावळ जुनी आहे. इ. स. पू. ४०३ मध्ये ‘तीस जुलमी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सत्ताधीशांची राजवट कोसळल्यावर अथेन्सच्या नागरिकांनी मागील अपराध उगाळणार नाही अशी शपथ घेतली आणि तिच्या आधाराने यादवीने फाटलेले नगर पुन्हा सांधले. फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ याने १८८२ साली सॉर्बोन येथील व्याख्यानात, राष्ट्र घडण्यासाठी सामायिक आठवणींइतकीच सामायिक विस्मृतीही लागते, असे प्रतिपादन केले. बोस्नियातील युद्ध जवळून पाहिलेला अमेरिकी पत्रकार डेव्हिड रीफ याने तर २०१६ साली विस्मरणाची बाजू घेणारे पुस्तकच लिहिले. त्याच्या मताला बाल्कनमधला अनुभव कारणीभूत होता. २८ जून १९८९ रोजी, सर्ब आणि ऑटोमन यांच्यातील कोसोवोच्या लढाईला सहाशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, सर्बियाचा नेता स्लोबोदान मिलोशेविच याने त्या रणभूमीवर प्रचंड जमावापुढे भाषण केले, आणि पुढच्या दहा वर्षांत युगोस्लाव्हियाची राखरांगोळी झाली. सहा शतकांपूर्वीची हार आजच्या शेजाऱ्याच्या घराला आग लावायला पुरते हे ज्याने पाहिले, त्याने स्मरणाचाच धसका घ्यावा यात नवल नाही.

या युक्तिवादातली गफलत अशी की ‘स्मरण’ हा एकच शब्द तीन वेगळ्या व्यवहारांना लावला जातो. आपल्या माणसांनी गाजवलेला पराक्रम आठवणे हा पहिला व्यवहार. त्याला गौरवस्मृती म्हणता येईल आणि पुतळे, जयजयकार, संचलने ही त्याची साधने होत. दुसऱ्यांनी आपल्यावर केलेला अत्याचार जपून ठेवणे हा दुसरा; ती वैरस्मृती. तिसरा व्यवहार मात्र या दोहोंपेक्षा कोरडा आणि कष्टाचा आहे. जे घडले ते कसे घडले, कोणाला काय ठाऊक होते, कोणापासून काय लपवले गेले, निर्णय कोणाच्या हाती होता आणि तो वेळेवर का झाला नाही, यांचा हिशेब पुढच्यांच्या हाती देणे असे त्याचे स्वरूप आहे. त्याला येथे कारणस्मृती हे नाव दिले आहे. विस्मरणवाद्यांचे बहुतेक दाखले पहिल्या दोन प्रकारांतले असतात, निष्कर्ष मात्र तिसऱ्याच्याही माथी मारला जातो.

‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज १९४२ साली कॅनडात बांधले गेले आणि २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून पूर्वेकडे निघाले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, शिवाय पेट्यांत बंद केलेल्या सोन्याच्या विटा होत्या. कराचीला काही माल उतरल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड आणि मासळीचे खत भरण्यात आले. कापूस हा एकदा आतून धुमसू लागला की बाहेरून ओळखू न येणारा आणि सहजी न विझणारा माल आहे, हे कापसावर जगणाऱ्या मुंबईला कोणी शिकवावे लागत नव्हते. तरीही तो स्फोटकांच्या सोबतीला गेला, कारण युद्धकाळात जहाजातली वीतभर जागाही रिकामी जाऊ देणे परवडत नव्हते. १२ एप्रिलला जहाज मुंबईत धक्क्याला लागले. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने बंदरात लाल बावटा लावण्याचा संकेत असतो. तो बावटा लावलेला नव्हता.

१४ एप्रिलच्या दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या फाळक्यातून, म्हणजे मालाच्या कप्प्यात उतरण्याच्या तोंडातून, धूर दिसू लागला. बंबखान्याला पहिली वर्दी पोचली तेव्हा तिच्यात जहाजातल्या मालाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे गोदीतल्या कुठल्याही साध्या आगीला निघावेत तसे दोनच बंब निघाले. खरी परिस्थिती कळल्यावर अधिक कुमक मागवण्यात आली. पुढचे जवळजवळ दोन तास नऊशे टनांहून अधिक पाणी त्या कप्प्यात ओतले गेले, पण आगीचे नेमके ठिकाण हाती लागेना, आणि पाण्याची पातळी चढू लागली तशा धुमसणाऱ्या गाठी तरंगत वरच्या स्फोटकांच्या दिशेने सरकू लागल्या. आग विझवणारे पाणीच आगीला वर उचलत होते. धक्क्यावर जहाजाचा कप्तान, गोदीचे अधिकारी, अग्निशमन दलाचे प्रमुख आणि दारूगोळ्याचा जाणकार लष्करी अधिकारी असे सारे हजर होते; जहाज जागीच बुडवावे, की ओढून समुद्रात न्यावे, की पाण्याचा मारा चालू ठेवावा, यावर त्यांची वेगवेगळी मते पडत होती; परंतु सर्वांना बांधील असा हुकूम देण्याचा अधिकार त्यांपैकी एकाकडेही एकवटलेला नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा.

शेजारचे ‘जलपद्मा’ हे हजारो टनांचे जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले, सोन्याची एक वीट सुमारे मैलभरावरच्या एका घरात जाऊन पडली, आणि पेटलेल्या कापसाचे गोळे आसपासच्या गुदामांवर, वखारींवर नि चाळींवर बरसले. जपानी विमाने आली असे समजून माणसे मिळेल त्या वाटेने शहराबाहेर पळाली. मृतांचा आकडा कुठे आठशे तर कुठे तेराशे असा दिला जातो, आणि ही तफावतच बोलकी आहे, कारण गोदीत रोजंदारीवर राबणाऱ्यांची नावे कोणत्याही पटावर पक्की नव्हती. अग्निशमन दलाच्या मृत जवानांची संख्या मात्र ६६ अशी नोंदली गेली, कारण त्यांच्यामागे त्यांना मोजणारी संस्था होती.

या घटनेचे विस्मरण काळाच्या ओघात आपोआप झाले, असे समजणे चूक आहे. ते पहिल्याच दिवशी हुकमाने सुरू झाले. जपान्यांच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने दुसऱ्याच दिवशी स्फोटाचे सविस्तर वृत्त दिले, परंतु ब्रिटिश-हिंदी सरकारच्या सेन्सॉरने, म्हणजे छापण्यापूर्वी मजकूर तपासून गाळणाऱ्या यंत्रणेने, ते बाहेर पाठवण्याची परवानगी बातमीदारांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दिली नाही. शत्रूला ठाऊक होते आणि मित्रांपासून लपवले जात होते, असा हा प्रकार होता. पुढे चौकशीत, कोणा कामगाराच्या बेपर्वा धूम्रपानाने कापूस पेटला असावा, अशी शक्यता मांडली गेली. ती खरी धरली, तरी ठिणगी कोणाची एवढेच तीतून कळते. कापूस आणि स्फोटके एका पोटात कोणी घातली, हा प्रश्न उरतोच. विडीचे थोटूक टाकणारा निनावी राहिला, माल भरण्याचा निर्णय घेणारी यंत्रणाही निनावी राहिली, परंतु लोकांच्या तोंडी दोष राहिला तो पहिल्याचाच. कारणस्मृती नसली की दोष उतरंडीच्या तळाशी जाऊन साचतो, हे येथे उघड दिसते. विस्मरणाचा सल्ला देणारा विद्वान स्वतःला सहृदय समजत असेल. परंतु युद्धकाळातील घटनांच्या बाबतीत तो अनेकदा सेन्सॉरचेच अर्धे राहिलेले काम पुरे करत असतो.

आता वैराचा आक्षेप या घटनेला लावून पाहावा. १४ एप्रिलच्या स्फोटाचे स्मरण कोणाविरुद्ध द्वेष पेटवील? शत्रूचे विमान आले नव्हते, पाणबुडी आली नव्हती. जहाज दोस्तांचे, माल दोस्तांचा, ढिलाई घरची. येथे द्वेषाला लक्ष्यच सापडत नाही. उरते ती फक्त सावधगिरी. कोसोवोचे उदाहरणही नीट तपासले तर विस्मरणवाद्यांच्या विरोधातच जाते. १३८९ च्या त्या लढाईत मारल्या गेलेल्या सर्ब राजा लाझारचा मुलगा स्टेफान लाझारेविच हा पुढे ऑटोमन सुलतानाचा मांडलिक झाला आणि १३९६ मध्ये निकोपोलिसच्या लढाईत सुलतानाच्या बाजूने लढला. ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आहे त्याला ‘ते’ आणि ‘आम्ही’ अशी सहा शतके सरळ चालत आलेली रेघ ओढताच येत नाही. १९८९ च्या जमावाला भडकवण्यासाठी लढाई आठवावी लागली हे खरे, परंतु त्याहून अधिक म्हणजे लढाईनंतरची सात वर्षे विसरावी लागली. वैरस्मृती हे अर्धवट केलेले स्मरण असते, आणि अर्धवटपणावर उतारा म्हणून उरलेला अर्धाही पुसून टाकणे हा उपाय म्हणता येत नाही.

‘ते युद्ध आपले नव्हते’ हा आक्षेप भावनेला पटतो, पण वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली. रायगड जिल्ह्यातील यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीतील नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी केलेल्या कामगिरीबद्दल तोच सन्मान लाभला. परंतु गौरवस्मृतीचा हा धागा क्षणभर बाजूला ठेवला, तरी युद्ध घराघरांत शिरलेले दिसते. मुंबईत शिधावाटप सुरू झाले ते १९४३ साली, युद्धातील टंचाईमुळे. आजचे रेशनकार्ड त्याच व्यवस्थेचे वारस आहे. भाडे नियंत्रणाचेही तसेच. युद्धकाळात वाढत्या वस्तीमुळे भाडी भडकू नयेत म्हणून घातलेल्या बंधनांचा वारसा १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याकडे आला, त्यात प्रमाण भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधाराला धरली गेली, आणि गोठलेल्या भाड्यांच्या आडोशाने पागडीची पद्धत फोफावली. चाळीच्या पुनर्विकासावरून आज भांडणारे नातू ज्या कायद्याच्या वारशात अडकलेले आहेत, तो ‘परक्या’ युद्धाने घातलेला आहे हे त्यांना ठाऊक नसेल, तर ते युद्ध विसरल्याने मुक्त झाले असे होत नाही. एवढेच होते की पायातली बेडी कोणी घातली हे त्यांना कळत नाही.

अथेन्सच्या शपथेचा आधार मात्र अधिक वजनदार आहे आणि त्याचे उत्तरही तितक्याच सावधपणे द्यावे लागते. त्या शपथेने सूडाच्या खटल्यांना आवर घातला. इतिहास लिहिण्याला घातला नाही. तीस जुलमींच्या राजवटीचा तपशील आज जगाला ठाऊक आहे तो झेनोफोन या अथेन्सच्याच नागरिकाने तो लिहून ठेवला म्हणून. शिक्षा न करण्याचे ठरवणे आणि जाणून न घेण्याचे ठरवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची सरमिसळ केली की काय होते ते स्पेनने दाखवले. फ्रँकोच्या मृत्यूनंतर १९७७ च्या माफी कायद्याने यादवीतले अपराध मिटवले गेले आणि त्याबरोबर मौनाचाही अलिखित करार झाला. लोकशाही स्थिरावण्यास त्याचा उपयोग झाला हे मान्य करावे लागेल. परंतु २००० सालानंतर सामुदायिक थडगी उकरून अवशेषांची ओळख पटवण्याची मागणी पुढे आली तेव्हा तिच्या अग्रभागी नातवांची पिढी होती. ज्या पिढीला विस्मरणाची भेट द्यायची असे जाणत्यांनी ठरवले होते, तिनेच ती भेट परत केली. ज्याने स्वतः भोगले त्याने न बोलण्याचा हक्क बजावावा, त्याला कोणी खोदून विचारू नये. तो हक्क त्या व्यक्तीचा आहे. समाजाने तो उसना घेऊन आपल्या दप्तरावर लावणे मात्र अयोग्य होय.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे : माहिती हवी तेव्हा एका क्षणात मिळते, मग ती डोक्यात कशाला साठवायची? येथे माहिती आणि स्मृती यांतला भेद निसटतो. माहिती शोधावी लागते आणि शोधण्यासाठी आधी प्रश्न सुचावा लागतो. प्रश्न सुचवणे हेच स्मृतीचे काम. मराठी भाषेने असे एक स्मरण स्वतःच्या अंगात मुरवले आहे. १७६१ च्या रणांगणाचे नाव आज निवडणुकीतल्या आणि क्रिकेटमधल्या पराभवालाही सहज लावले जाते आणि ‘पानिपत झाले’ म्हणताच शाळकरी पोरालाही अर्थ कळतो. तरीही त्या वाक्प्रचारात हार उरली आहे, हारीची कारणे गळून पडली आहेत. रसद तुटलेली, खजिना आटलेला आणि फौजेसोबत न लढणाऱ्यांचा मोठा लोंढा, यांपैकी काहीही त्या दोन शब्दांत नाही. गोदीच्या स्फोटाचा तर तेवढा वाक्प्रचारही भाषेत मागे राहिला नाही. पुढल्या दशकांत बंदरातील गाळ उपसताना कधी सोन्याची वीट हाती लागली की वृत्तपत्रांना ते जहाज आठवते, हे त्या स्मरणाचे आजचे मोल.

कारणे विसरण्याची किंमत किती, हे चार बंदरांच्या इतिहासावरून मोजता येते. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ‘माँ-ब्लाँ’ हे स्फोटकांनी भरलेले जहाज टक्कर होऊन पेटले. त्यावरही धोक्याचा बावटा नव्हता, आणि आग विझवायला धावलेल्या दलातले नऊजण स्फोटात गेले. सव्वीस वर्षांनी मुंबईत ६६ गेले. मुंबईनंतर तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या धक्क्यावर अमोनियम नायट्रेट या खताने लादलेले ‘ग्रँडकॅम्प’ हे जहाज पेटले आणि तेथील स्वयंसेवी अग्निशमन दलाचे २७ जण जागीच संपले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरातील गुदामाला लागलेली आग विझवायला दहाजणांची तुकडी पोचली. सहा वर्षे तिथे पडून असलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटची कल्पना त्यांना कोणी दिली नव्हती. पहिल्या दोन घटना युद्धातल्या, नंतरच्या दोन शांततेतल्या. पण माल एकाला ठाऊक आणि आगीत शिरणारा दुसराच, ही मांडणी चारही ठिकाणी सारखी आहे. हॅलिफॅक्सने निदान आपल्या मृतांची नावे एका स्मरणवहीत लिहून ठेवली आणि दरवर्षी ६ डिसेंबरच्या सकाळी तेथे घंटा वाजते. मुंबईचे स्मरण भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयातील स्मारकात आणि १४ एप्रिलपासून देशभर पाळल्या जाणाऱ्या अग्निशमन सेवा सप्ताहात टिकून आहे. म्हणजे ज्यांना आगीत शिरायचे असते त्यांनी ते टिकवले. ज्यांच्या शेजारी ज्वालाग्राही मालाची गुदामे आजही उभी राहतात त्यांनी ते सोडून दिले.

म्हणून नव्या पिढीकडून जे मागायचे ते फार नाही. तिने फोर्ट स्टिकिनचे वजन पाठ करण्याची गरज नाही, कोणाला शाप देण्याची नाही, आणि १४ एप्रिलला मान खाली घालून उभे राहण्याचीही सक्ती नाही. जहाजात काय होते, ते कोणाला माहीत होते आणि आत शिरणाऱ्यांना ते कोणी सांगितले, हे तीन प्रश्न तिच्या अंगवळणी पडले तरी पुरे. मग आपल्या वस्तीलगतच्या एखाद्या कुलूपबंद गुदामासमोर उभी राहून ती तेच प्रश्न विचारू शकेल, आणि उत्तर देणे ज्याच्या गैरसोयीचे असेल तोच तिला मागचे विसरून जाण्याचा सल्ला देईल.